हार्नेस घातला, तरी चिकू खोकतोच

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५८. मुलगा तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याचा पॉमेरेनियन कुत्रा आई-बाबांकडे राहिला. त्याला आपण इथे चिकू म्हणू. चिकू आता ९ वर्षांचा आहे. फिरायला निघाला की फाटकापासूनच दोरी ताणतो, आणि ताण बसला की खोकतो. "रिक्षाचा जुना रबरी भोंगा दाबावा तसा आवाज येतो," असं ताईंनी लिहिलंय. शेवटी घशातून काही काढल्यासारखं करतो, पण बाहेर काही पडत नाही. मुलाने सांगितलं, गळपट्टा काढ, हार्नेस घाल, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा. हार्नेस आणला, खोकला थोडा कमी झाला, थांबला नाही. मग दुसरा आणला. तिसरा मुलाने ऑनलाइन मागवून पाठवला. तरी तेच. मुलगा म्हणतो, "आई, तू ओढतेस." शेजारी म्हणतात, बारकी कुत्री अशीच खोकतात. आणि यजमानांनी आता निकाल देऊन टाकलाय की फिरणं बंद, गच्चीवर सोडत जा. ताईंनी विचारलंय, चौथा, चांगल्यातला महाग हार्नेस घ्यावा की यजमानांचं ऐकावं? पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: "त्याने विश्वासाने सांभाळायला दिलेला जीव माझ्या हातून बिघडला असं वाटतं."

प्रिय ताई,

तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं पत्र वाचतानाही ती माझ्या मनातून जात नव्हती. तीन वर्षं रोज सकाळी दार उघडणाऱ्या तुम्ही, त्याची वाटी भरणाऱ्या तुम्ही, आणि त्याचा खोकला इतका नेमका ऐकून लिहिणाऱ्याही तुम्हीच. चिकू आता तुमचा आहे. आणि नऊ वर्षांच्या पॉमेरेनियनला जो खोकला तुम्ही वर्णन केला आहे, तो कुणाच्या हाताने दोरी धरल्यामुळे जन्माला येत नाही. दोरीने तो वाढू शकतो, ऐकू येऊ शकतो. पण मूळ बहुतेक वेळा आत असतं.

आता तुमच्या घरातल्या तिन्ही मतांमागे काय गृहीत धरलंय ते जरा तपासू या.

हार्नेस घातला म्हणजे गळ्यावर दाब नाही, असं सगळेच धरून चालतात. तुमचा मुलगाही. पण ते हार्नेसवर आणि तो कुठे बसतो यावर अवलंबून आहे. आज चिकूला मांडीवर घ्या आणि त्याच्या छातीच्या पुढच्या बाजूला, दोन खांद्यांच्या मधोमध बोट फिरवा. केस दाट असतात म्हणून ते बाजूला सारून बघा. एक टणक टोक लागेल. ते छातीच्या हाडाचं टोक. त्याच्या लगेच वर मऊ खळगा आहे. श्वासनलिका मानेतून छातीत शिरते ती तिथूनच. हार्नेसचा पुढचा पट्टा त्या टणक हाडावर बसायला हवा. तो खळग्यात बसत असेल, तर तुम्ही गळपट्टा फक्त चार बोटं खाली सरकवला आहे, एवढंच झालं.

दुकानात उभा असलेला कुत्रा हार्नेसमध्ये छान दिसतो. ताण बसल्यावर काय होतं ते तिथे कळत नाही. छातीवरून आडवा पट्टा जाणारे हार्नेस, आणि आपल्याकडे "बॉडी बेल्ट" म्हणून मिळणारे बरेचसे याच घडणीचे असतात, ते ताण आला की वर सरकतात आणि थेट त्या खळग्यात जाऊन बसतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी पुढची बाजू असलेला, म्हणजे मधला पट्टा छातीच्या हाडावरून पुढच्या दोन पायांच्या मधून पोटाखाली जाणारा हार्नेस जागेवर राहतो. पोटाचा पट्टा कोपरांच्या मागे दोन बोटं सोडून असावा, नाहीतर काखेत घासतो. आणि कुठल्याही पट्ट्याखाली चिकूएवढ्या जिवासाठी एक-दोन बोटं जेमतेम जावीत. सैल हार्नेस दयाळूपणाचा वाटतो, पण तो अंगावर फिरतो आणि नको तिथे काचतो. पॉमेरेनियनचे केस झडले किंवा उन्हाळ्यात कापले की तोच हार्नेस सैल होतो, तेव्हा माप पुन्हा घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चिकूची पाठ जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, आणि तुमचा हात तुमच्या कमरेशी. दोरी आखूड धरली की ती जवळजवळ उभी होते. मोठ्या कुत्र्याला हार्नेस मागे ओढतो, छोट्याला तो वर उचलतो, आणि वर उचलला की पुढचा पट्टा गळ्याकडे चढतो. म्हणून लहान कुत्र्याला लांब दोरी लागते, दोन मीटरच्या आसपासची, हलकी, बारीक कडीची. डबीतून आपोआप सुटणारी आणि गुंडाळणारी दोरी मात्र घेऊ नका. तिच्यात सतत थोडा ताण असतोच, आणि ताण म्हणजेच चालणं असं कुत्रा शिकतो.

तेव्हा चौथा हार्नेस घेण्याआधी घरात असलेले तिन्ही घालून बघा. यजमानांना दोरी धरायला सांगा, तुम्ही समोर खाली बसा आणि मोबाइलवर चित्रण करा. पट्टा कुठे जातो ते दिसेल. कदाचित तिघांपैकी एक बरोबर निघेल, फक्त मापात बसवायचा राहिला असेल.

पण ताई, हार्नेस अगदी नेमका बसला तरी चिकूचा खोकला पूर्ण थांबेलच असं मी सांगणार नाही. मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच.

श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या, एका बाजूने उघड्या. उघडी बाजू एका पातळ पडद्याने बंद असते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, माल्टीज, टॉय पूडल अशा लहान जातींत काही कुत्र्यांची ही कूर्चा हळूहळू मऊ पडत जाते. कड्या चपट्या होतात आणि पडदा नळीत लोंबतो. शहाळ्यात कागदी नळी घालतात ना, ती भिजून मऊ पडली की जोरात ओढताना तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. तसंच. संथ श्वासाला नळी उघडी राहते. पण चिकूला फाटक दिसलं, तो हरखला, धापा टाकायला लागला, दोरीवर जोर लावून श्वास खेचला, की मानेतली नळी आतल्या ओढीनेच चपटी होते. आतले पडदे एकमेकांवर घासतात, आग होते, त्यातून तुम्ही म्हणता तो भोंगा येतो. खोकल्याने आणखी आग, आगीने आणखी खोकला.

यात बाहेरून कुणी गळा दाबायची गरजच नाही. हार्नेस बाहेरचा दाब काढतो, तो काढायलाच हवा. पण आतली ओढ उत्साहाची आणि श्रमाची असते, तिच्यावर बाजारात पट्टा मिळत नाही. तुम्हीच लिहिलंय की हार्नेसने खोकला थोडा कमी झाला. जेवढा बाहेरच्या दाबामुळे होता तेवढा गेला, उरला तो आतला असणार. तुमचं हे निरीक्षण डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

मग शेजाऱ्यांचं "बारकी कुत्री अशीच" हे वाक्य. नेहमी दिसतं म्हणजे ठीक असतं असं नाही. तसं म्हणून सोडून दिलं तर दोन चुका होतात. एक, नळीचा त्रास लवकर कळला तर वजन, औषध आणि सवयी यांवर बरीच कुत्री वर्षानुवर्षं चांगली जगतात, ती संधी जाते. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. ती मी स्वतः केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजोबा असाच खोकणारा दहा वर्षांचा स्पिट्झ जातीचा कुत्रा घेऊन आले होते. मी म्हातारपण आणि गळपट्टा यांवर बोलले, हार्नेस घ्यायला सांगितलं आणि त्यांना घरी पाठवलं. महिन्याभराने ते रात्री त्याला घेऊन आले तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. हृदयाची झडप गळत होती. मी गळ्याकडे बघत बसले होते आणि छातीला स्टेथोस्कोप लावला होता तो घाईत. तेव्हापासून लहान जातीचा, सात-आठ वर्षांपुढचा कुत्रा खोकला घेऊन आला की मी आधी हृदय ऐकते.

लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत झडपेचा आजार फार आढळतो. झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं येतं, डावा कप्पा फुगतो आणि वरून जाणाऱ्या श्वासवाहिनीला टेकतो. खोकला येतो. तो रात्री, आडवं झाल्यावर किंवा विश्रांतीतही येऊ शकतो. पण दोरी ओढतानाही येतो, म्हणून आवाजावरून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही, आणि एकाच कुत्र्यात दोन्ही असणंही अजिबात विरळा नाही. झडपेचा आवाज स्टेथोस्कोपने पुष्कळदा त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो. हृदय मोठं झालंय पण फुप्फुसात पाणी भरलेलं नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडान नावाचं औषध सुरू केलं तर हृदय निकामी होण्याचा टप्पा सुमारे १५ महिने पुढे जातो, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, कुत्र्यांवरच्या एपिक नावाच्या औषध-चाचणीत दिसलं. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे खूप. हे औषध कुणाला, कधी, किती, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

बाकीच्या दोन शक्यता थोडक्यात सांगते, कारण इतर वाचकांना त्या लागू पडतील. कुत्रा आठवड्याभरापूर्वी बोर्डिंगमध्ये किंवा पार्लरमध्ये जाऊन आला असेल आणि खोकला अचानक सुरू झाला असेल, तर केनेल कफ हा संसर्ग असू शकतो. तो इतर कुत्र्यांना लागतो, म्हणून फिरायला नेऊ नका आणि दवाखान्यात नेताना आधी फोन करून सांगा. आणि कुत्रा मान लांब करून, कोपर बाहेर काढून, नाकाने घरघरत हवा आत ओढत असेल, अर्ध्या-एक मिनिटाने आपोआप थांबत असेल, तर तो खोकला नसून उलटी शिंक आहे. दिसते भयंकर, सहसा निरुपद्रवी असते.

तुम्ही आता काय करायचं, तर दवाखान्यात जाण्याआधी दोन गोष्टी गोळा करा. एक, खोकल्याचा व्हिडिओ, आवाजासकट. दवाखान्यात टेबलावर चढवलं की कुत्रा हमखास खोकायचं विसरतो. दुसरी, झोपेतला श्वास. चिकू गाढ झोपला की छाती वर-खाली झाली की एक, असं मिनिटभर मोजा. तीन-चार रात्री लिहून ठेवा. मिनिटाला ३० च्या खाली असेल तर निवांत जा. रोज ३० च्या वर जात असेल तर लगेच जा.

डॉक्टरांना हृदय ऐकून मान आणि छाती दोन्हींचा एक्स-रे काढायला सांगा, जमल्यास श्वास आत घेताना एक आणि सोडताना एक. मानेतली नळी श्वास घेताना चपटी होते आणि छातीतली सोडताना, म्हणून एकाच फोटोत ती साधी दिसू शकते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे नळी चांगली असं नाही. तुमच्या गावात सोय नसेल तर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. इतर वाचकांसाठी सांगते, मुंबईत परळला, तसंच नागपूर, परभणी आणि उदगीर इथेही अशी महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत जनावरं तपासली जातात.

तोवर घरातल्या कपाटातलं खोकल्याचं औषध मात्र देऊ नका. माणसांच्या काही सिरपांत पॅरासिटामॉल असतं, काहींत नाक मोकळं करणारी औषधं, साखर नसलेल्या काहींत झायलिटॉल. कुत्र्याला यातलं काहीही जिवावर बेतू शकतं.

नळीचंच निदान झालं तर डॉक्टर खोकला दाबणारं औषध, काही दिवस सूज उतरवणारं औषध, लागलं तर श्वासवाहिन्या मोकळ्या करणारं औषध देतील. नळीत जाळीची स्टेंट बसवण्याची शस्त्रक्रियाही असते, पण ती औषधांनी भागत नाही अशा कुत्र्यांसाठी. चिकूपर्यंत ती वेळ यायची गरज पडेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

औषधाच्या बरोबरीने काम करतं ते वजन. पत्रात तुम्ही वजन लिहिलेलं नाही. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा, लहान आकाराचा इंडियन स्पिट्झ पाच-सात किलोंचा, म्हणून काट्यावरच्या आकड्यापेक्षा बरगड्या चाचपा. केसांखाली हात घालून हलका फिरवला की बरगड्या मोजता याव्यात. त्यासाठी दाबावं लागत असेल तर वजन जास्त आहे. मानेभोवतीची आणि छातीतली चरबी त्या मऊ नळीला दोन्हीकडून दाबते. वजन आठवड्याला एक-दोन टक्क्यांनी उतरवायचं, म्हणजे सात किलोंच्या कुत्र्याचं ७० ते १४० ग्रॅम. जेवताना यजमानांच्या ताटातून जाणारा पोळीचा तुकडा, सकाळच्या चहाबरोबरचं बिस्किट, हे आधी थांबवा. यजमान नाराज होतील, पण चिकूवरच्या मायेपोटीच ते फिरणं बंद करा म्हणतायत, तेव्हा हे त्यांना पटेल.

आणि त्यांच्या त्या निकालाबद्दल. मी तो मान्य करणार नाही. त्यांची काळजी खरी आहे, खोकणाऱ्या जिवाकडे बघवत नाही हे मला कळतं. पण फिरणं बंद झालं की वजन वाढतं, वजनाने खोकला वाढतो. आणि गच्चीवर चिकू काय करेल? कठड्याशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकेल. भुंकण्यानेही त्या नळीवर ताण येतो. रस्त्यावरचा वास हुंगत सावकाश चालणारा कुत्रा जेवढा शांत श्वास घेतो, तेवढा गच्चीवरचा एकटा कुत्रा घेत नाही. तपासणी होईपर्यंत दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या ठेवा, सकाळी उन्हं चढायच्या आत आणि संध्याकाळी जमीन निवल्यावर. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून उकाड्यात खोकला हमखास वाढतो.

ओढण्याबद्दल मुलाला सांगा की ओढणारे दोघं असतात. कुत्र्याला मागे खेचलं की तो पुढे जोर लावतो, ही त्याची सहजवृत्ती. म्हणून खेचून ओढ कमी होत नाही. फेरी घरातच सुरू करा. हार्नेस हातात घेतला आणि चिकू नाचायला लागला तर हार्नेस खुंटीला परत. शांत झाला की पुन्हा हातात. पहिले काही दिवस यात पंधरा मिनिटं जातील, जाऊ देत. खोकल्याची ठिणगी फाटकाशी पडते, आणि ती फाटकाच्या आतच विझवायची आहे. बाहेर दोरी ताणली की तुम्ही थांबा, काही बोलू नका. त्याने मागे वळून पाहिलं, दोरी सैल झाली, की पुढे. दहा वेळा थांबावं लागेल, पंचविसाव्या दिवशी दोनदा. तुमच्या बाजूला येऊन चालला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, आणि तो त्याच्या जेवणातून वजा. आणि हुंगू द्या. विजेच्या खांबाशी पाच मिनिटं गेली तर ती वाया गेली नाहीत.

रस्त्यावरची कुत्री ही आपल्याकडची खरी अडचण, तिच्यामुळेच तुम्ही दोरी आखूड धरत असाल असा माझा अंदाज आहे. ती टोळी कुठे बसते हे तुम्हाला माहीत असेलच, ती गल्ली टाळा. समोर आलीच तर हार्नेसला धरून चिकूला वर उचलू नका. सगळं वजन त्या खळग्यावर येतं. खाली वाकून एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून उचला. हे घरी दोन-तीनदा करून बघा म्हणजे घाईत हाताला सवय राहील. गळ्यात बिल्ला असेल तर सैल पट्टा असू द्या, दोरी मात्र त्याला कधीच अडकवू नका.

घरातला धूरही बघा. मिरचीच्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो, त्याची नळी तर आधीच आग झालेली. फोडणीच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. देवघरातली उदबत्ती आणि संध्याकाळची डासांची कॉइल तो झोपतो त्या खोलीत नको. दिवाळीत फटाक्यांच्या धुराच्या वेळी खिडक्या बंद.

आणि जीभ किंवा हिरड्या निळसर-जांभळ्या दिसल्या, खोकताना तो कोसळला, बसल्याजागी श्वासाला पोट ओढत राहिला, तर वाट बघू नका. रात्र असो की रविवार, थंड जागी ठेवा, शांत बोला आणि गाडी काढा.

मुलाला फोन कराल तेव्हा त्याला हे सगळं वाचून दाखवा. महाग हार्नेससाठी जे पैसे तो पाठवणार आहे ते एक्स-रेला लागतील. आणि आज रात्री चिकू झोपला की त्याच्या शेजारी बसून मिनिटभर त्याचे श्वास मोजा. आकडा मला कळवा.